टार्गेटेड थेरपी : ‘गोळी गरम पडली’ म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

कॅन्सरचा उपचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सलाइन, उलट्या आणि गळलेले केस येतात. पण आता आपल्या वऱ्हाडात असे बरेच पेशंट आहेत, ज्यांचा उपचार म्हणजे रोज घरी घ्यायची एक गोळी. इमॅटिनिब, जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब, सोराफेनिब अशी त्यांची नावं. ही गोळी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात लिहून मिळते. पुढचा महिना-दोन महिने मात्र ती अचलपूर, मूर्तिजापूर, अकोट किंवा बाळापूरला आपल्या घरी घेतली जाते.

आणि मग एक-दोन आठवड्यांत चेहऱ्यावर, छातीवर पुरळ येतं. जुलाब सुरू होतात. सकाळी डोळे सुजलेले दिसतात. घरात कोणीतरी म्हणतं, ‘गोयी गरम पडली, चार दिवस बंद ठेव.’ दुसरं कोणी म्हणतं, ‘कॅन्सर आहे, एवढं तं सोसावंच लागते.’ पहिल्या सल्ल्यात गोळी सुटते, दुसऱ्यात त्रास अंगावर काढला जातो. आजच्या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, की हे दोन्ही रस्ते चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे हे विज्ञानातून नीट समजतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी पेशींवर काम करणारा संशोधक विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही. इथली माहिती डॉक्टरांशी नीट बोलता यावं यासाठी आहे, त्यांच्याऐवजी वापरण्यासाठी नाही.

‘टार्गेटेड’ म्हणजे काय?

नेहमीची केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या बहुतेक पेशींवर वार करते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण केसांच्या मुळाशी असलेल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशीही तशाच वाढतात. म्हणून केस जातात, रक्तातल्या पेशी कमी होतात.

टार्गेटेड औषधाचा विचार वेगळा आहे. कॅन्सरची पेशी ज्या एका प्रथिनाच्या जोरावर वाढते, ते प्रथिन शोधायचं आणि तेवढंच अडवायचं. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. त्यात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि ‘बीसीआर-एबीएल’ नावाचं नवीनच प्रथिन तयार होतं. हे प्रथिन पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतं. इमॅटिनिब त्याचं तोंड बंद करतं. अमेरिकेत २००१ साली या औषधाला मान्यता मिळाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लिवेक’च्या पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला. कधीकाळी जीवघेणा असलेला हा आजार आज बहुतेकांसाठी बीपी-शुगरसारखा गोळी घेऊन सांभाळायचा आजार झाला आहे.

मग नेम इतका अचूक आहे, तर दुष्परिणाम का होतात?

उंदराच्या पिल्लांचे डोळे लवकर उघडले

याचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगात आहे. स्टॅन्ली कोहेन हे अमेरिकन शास्त्रज्ञ उंदरांच्या लाळग्रंथीतून काढलेला अर्क नवजात पिल्लांना टोचत होते. उंदराच्या पिल्लाचे डोळे साधारण तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. या पिल्लांचे सातव्या दिवसाच्या आसपासच उघडले. दातही लवकर आले. कोहेन यांनी अर्कातला तो पदार्थ वेगळा काढला आणि १९६२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. हा पदार्थ त्वचेच्या वरच्या थराची वाढ आणि परिपक्वता घडवतो, म्हणून त्याला पुढे ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे ईजीएफ, हे नाव पडलं. या कामासाठी त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत.

ईजीएफ पेशीवर ज्या ठिकाणी येऊन बसतो, त्या प्रथिनाला ईजीएफआर म्हणतात. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये या ईजीएफआरमध्ये बिघाड झालेला असतो, तो कायम ‘चालू’ राहतो. जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या त्याला बंद करतात. पण ईजीएफआर काही फक्त कॅन्सरच्या पेशीवर नसतो. त्वचेच्या तळच्या थरात, केसांच्या मुळांत, नखांच्या कडेला, आतड्याच्या अस्तरात, सगळीकडे तो आपलं रोजचं काम करत असतो. गोळीला फुप्फुसाची गाठ आणि गालाची त्वचा यांतला फरक फारसा कळत नाही. ती दोन्हीकडचा ईजीएफआर बंद करते.

म्हणून पुरळ येतं, त्वचा कोरडी पडते, नखांच्या कडेला नखुरडं होतं, पापण्यांचे केस लांब आणि वाकडेतिकडे वाढतात, जुलाब होतात. हे शरीरातली ‘उष्णता बाहेर पडणं’ नाही आणि औषध मानवलं नाही असंही नाही. औषध त्याचं काम करतंय, फक्त नको त्या घरीही करतंय. काही अभ्यासांत तर ज्यांना पुरळ आलं त्यांना औषधाचा उपयोग जास्त झाल्याचं दिसलं. अर्थात पुरळ आलं नाही म्हणजे औषध लागू पडत नाही, असा उलटा अर्थ काढू नका.

दुष्परिणामांचे दोन प्रकार

पहिला प्रकार आपण पाहिला. नेम बरोबर लागला, पण तेच प्रथिन निरोगी पेशीतही होतं. दुसऱ्या प्रकारात औषध शेजारच्या, साधारण तशाच आकाराच्या प्रथिनांनाही धरतं. बीसीआर-एबीएल निरोगी पेशीत नसतंच, तरी इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात, काहींची त्वचा उजळते. कारण इमॅटिनिब ‘किट’ आणि ‘पीडीजीएफआर’ या दोन प्रथिनांनाही अडवतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना किट लागतो. सुजेमागेही ही प्रथिनं अडवली जाणं हेच कारण मानलं जातं.

संशोधक हे दोन्ही प्रकार कमी करायचा प्रयत्न करत असतात. ओसिमर्टिनिब हे त्याचं उदाहरण. ते बिघडलेल्या ईजीएफआरला घट्ट धरतं आणि चांगल्या ईजीएफआरला बरंचसं सोडून देतं. त्यामुळे पुरळ आणि जुलाब जुन्या गोळ्यांपेक्षा सौम्य असतात.

यातून कामाची गोष्ट कोणती? कुठल्या गोळीने कुठला त्रास होणार, हे बऱ्याच अंशी आधीच माहीत असतं. आणि जे आधी माहीत आहे, त्याची तयारीही आधी करता येते.

त्रास येण्याआधीच तयारी

२०१० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी पाहू. आतड्याच्या कॅन्सरचे ९५ रुग्ण, औषध पॅनिटुमुमॅब, तेही ईजीएफआर अडवणारंच. एका गटाला पुरळ आल्यावर उपचार दिले. दुसऱ्या गटाला औषधाच्या आदल्या दिवसापासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टिरॉइड क्रीम आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांत मध्यम ते तीव्र त्वचेचा त्रास पहिल्या गटात ६२ टक्के लोकांना झाला, दुसऱ्या गटात २९ टक्के. औषधं जवळपास तीच, फक्त वेळ बदलली.

सोराफेनिबने तळहात-तळपाय लाल होतात, जाड होतात, फुटतात. चीनमध्ये यकृताच्या कॅन्सरच्या ८७१ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना सुरुवातीपासून १० टक्के युरिया असलेलं क्रीम लावायला दिलं. बारा आठवड्यांत हा त्रास क्रीमवाल्यांत ५६ टक्के, बाकीच्यांत सुमारे ७४ टक्के. जादू नाही, पण स्वस्तातला फायदा आहे.

एव्हरोलिमस या गोळीने तोंड येतं. २०१७ च्या एका अभ्यासात ८५ बायकांना सुरुवातीपासून डेक्सामेथासोनच्या गुळण्या करायला सांगितलं. आठ आठवड्यांत जास्त तोंड आलं ते फक्त २ टक्के जणींना. आधीच्या चाचणीत, गुळण्या नसताना, हाच आकडा ३३ टक्के होता.

आपल्या देशातलंही एक चांगलं काम आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर डायक्लोफिनॅकचं साधं जेल वापरून पाहिलं. कॅपेसिटाबिनमुळे होणारा हाता-पायांचा मध्यम ते तीव्र त्रास १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला. पण इथे एक सावधानता. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी आहे, टार्गेटेड नाही. तळहात दोन्हीत फुटतात, कारण मात्र वेगळं असतं. म्हणून एका गोळीवरचा उपाय दुसरीवर आपल्या मनाने लावायचा नाही.

हेच पुरळाबद्दल. ते दिसतं मुरुमासारखं, पण मुरूम नसतं. मेडिकलमधून मुरुमाचं क्रीम आणून लावलं, तर आधीच कोरडी झालेली त्वचा अजून जळते. गावातल्या डॉक्टरांकडे किंवा अमरावती-अकोल्याच्या स्किनवाल्यांकडे जाताना गोळीचं पाकीट सोबत न्या आणि आधी ते दाखवा.

वऱ्हाडातले तीन प्रश्न

पुस्तकातला सल्ला इथे तसाच्या तसा चालत नाही.

पहिला प्रश्न उन्हाचा. अकोला-अमरावतीचा मे महिना म्हणजे ४५ अंश. मे २०२४ मध्ये तर उन्हामुळे अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. ईजीएफआरच्या गोळ्या चालू असताना ऊन लागलं की पुरळ वाढतं. आणि जुलाबात पाणी जातंच, त्यात घाम. मुंबईत जे जुलाब दोन दिवस निभावून नेता येतील, तेच इथे मे महिन्यात एका दिवसात किडनीला ताण देऊ शकतात. सनस्क्रीन परवडत नसेल तर दुपट्टा, पूर्ण बाहीचा सुती सदरा, आणि अकरा ते चार शेतात न जाणं, हेही उपायच आहेत. ओआरएसची पाकिटं घरात आधीच असावीत. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी कधी आणि किती घ्यायची, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुसरा प्रश्न हाता-पायांचा. कपाशी वेचताना बोंडाची टोकं बोटांना लागतात. सोराफेनिब किंवा रेगोराफेनिब चालू असेल तर जिथे घर्षण, तिथे फोड. पहिले दोन-तीन महिने वेचणी, निंदण, अनवाणी चालणं टाळता आलं तर बघा. जमत नसेल तर मऊ सुती हातमोजे आणि मऊ तळव्याची चप्पल. आणि मी शेतात काम करतो किंवा करते, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांनी विचारलं नाही म्हणून ते महत्त्वाचं नाही असं नसतं.

तिसरा प्रश्न आपल्या संत्र्याचा. यातल्या बऱ्याच गोळ्यांसोबत ‘ग्रेपफ्रूट खाऊ नका’ असं लिहिलेलं असतं. १९८९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांच्या हे योगायोगाने लक्षात आलं. एका प्रयोगात अल्कोहोलची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि बीपीच्या औषधाची रक्तातली पातळी भलतीच वाढली. या फळातले काही पदार्थ आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतात. तेच एन्झाइम इमॅटिनिब, एर्लोटिनिबसारख्या गोळ्यांची विल्हेवाट लावत असतं. ते बंद पडलं की साठा वाढतो आणि त्रासही. आता ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काही संबंध नाही. ते लिंबू-संत्र्याच्या कुळातलं फळ आहे, आणि आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे पपनस. पपनस टाळा. वरूड-मोर्शीचं संत्रं मात्र वेगळं. त्यात हे पदार्थ तितके नसतात, ते या यादीत येत नाही. आंबिया बहाराचं असो की मृग बहाराचं, संत्रं आणि मोसंबी खायला हरकत नाही. तोंड आलेलं असेल तर आंबट झोंबेल, एवढंच.

जाता जाता दोन गोळ्या लक्षात ठेवा. जेफिटिनिब, एर्लोटिनिब आणि डासाटिनिब यांना विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ‘गॅस झाला’ म्हणून रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेतलं, तर कॅन्सरची गोळी पुरेशी शोषलीच जात नाही. आणि टीबीचं रिफाम्पिसिन यातल्या बऱ्याच औषधांची पातळी खाली पाडतं. दोन्ही वेळेला त्रास काहीच दिसत नाही, फक्त उपचार पातळ होतो.

मनाने गोळी बंद केली तर?

लंडनमध्ये सीएमएलच्या ८७ रुग्णांच्या औषधाच्या डब्यांना इलेक्ट्रॉनिक झाकणं बसवली होती. डबा उघडला की नोंद व्हायची. तीन महिने मोजल्यावर रुग्णांचे दोन गट पडले. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोग हजारपटीने खाली जाण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के होती. ज्यांनी ९० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यात २८.४ टक्के. आता हिशेब करा. ३० दिवसांच्या महिन्यात १० टक्के म्हणजे तीन गोळ्या. ‘चार दिवस बंद ठेव’ हा सल्ला त्या रेषेच्या पलीकडे नेतो. हा अभ्यास छोटा आहे आणि गोळी चुकणं हेच एकमेव कारण होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मग त्रास झाला तर घ्यायचीच का? नाही. डॉक्टर स्वतःही गोळी थांबवतात, पण मोजून. जेफिटिनिबमध्ये जुलाब किंवा पुरळ सहन होत नसेल तर जास्तीत जास्त १४ दिवस थांबून पुन्हा सुरू करायची पद्धत ठरलेली आहे. एर्लोटिनिबचा डोस १५० वरून १०० मिलिग्रॅमवर आणता येतो. अफाटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांचे आकडे नंतर तपासले, तेव्हा डोस कमी करावा लागलेल्यांत रोग आटोक्यात राहण्याचा काळ घटलेला दिसला नाही, त्रास मात्र कमी झाला. बरेच पेशंट ‘सांगितलं तर डॉक्टर औषधच बंद करतील’ या भीतीने गप्प राहतात. खरं उलट आहे. लवकर सांगितलं तर औषध चालू ठेवायचे रस्ते जास्त असतात.

सांगण्याचा फायदा मोजलाही गेलाय. न्यूयॉर्कमध्ये केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींना आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवायला सांगितलं. त्रास वाढला की नर्सला लगेच कळायचं. २०१७ मध्ये निकाल आला. नोंदवणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्यमान ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या गटाचं २६. नवीन औषध कुठलंच नव्हतं.

जे दिसत नाही तेही

काही दुष्परिणाम जाणवतच नाहीत, ते तपासावे लागतात. स्तनाच्या कॅन्सरमधलं ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन एचईआर-२ प्रथिन अडवतं, आणि हृदयाच्या स्नायूलाही ते प्रथिन लागतं. म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी टूडी एको. हृदयाचं काम कमी झालं तरी वेळेत थांबवलं तर ते बहुतेकदा सावरतं. सोराफेनिब, सुनिटिनिबने बीपी वाढतं. ते मोजायला नागपूर गाठायची गरज नाही, गावच्या उपकेंद्रात आठवड्याला एकदा बघून घ्या. इमॅटिनिब घेणाऱ्या तरुण मुलींनी मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

मग करायचं काय?

अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर मुक्काम. दर पुरळासाठी हे होणार नाही. म्हणून फोनवर नीट सांगता येणं महत्त्वाचं.

‘जुलाब होतात’ असं सांगू नका, आकडा सांगा. डॉक्टर त्रासाचे ग्रेड लावतात. रोजच्यापेक्षा चारपेक्षा कमी वेळा जास्त जावं लागलं तर ग्रेड १, चार ते सहा वेळा जास्त तर ग्रेड २, सात किंवा अधिक तर ग्रेड ३. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये रोजच्या चौकटीत तीन गोष्टी लिहा : गोळी घेतली का, किती वेळा शौचाला, नवीन त्रास काय. पुरळाचा फोटो दिवसाउजेडी, एकाच जागेवरून, दर दोन-तीन दिवसांनी काढा.

हॉस्पिटलमधून निघताना हे विचारून घ्या :

– या गोळीने मला कुठले त्रास होण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठी आजपासून काय लावू किंवा घेऊ?
– गोळी जेवणाआधी की नंतर? (इमॅटिनिब जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्यासोबत घेतलं तर मळमळ कमी होते. एर्लोटिनिब उपाशीपोटी घ्यायचं असतं.)
– एखादी गोळी चुकली तर काय करू?
– मध्येच त्रास झाला तर कुठल्या नंबरवर, किती वाजेपर्यंत फोन करू?

आणि पुढच्यापैकी काही झालं तर फोनचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. अमरावतीत असाल तर अमरावतीतलं, अकोल्यात असाल तर अकोल्यातलं :

– नव्याने दम लागणं किंवा कोरडा खोकला सुरू होणं. या गोळ्यांनी क्वचित फुप्फुसाला सूज येते, ती जिवावर बेतू शकते.
– छातीत दुखणं, किंवा दोन-चार दिवसांत वजन दोन किलोंनी वाढून सूज येणं.
– ग्रेड ३ चे जुलाब, किंवा लघवी कमी होणं, चक्कर येणं.
– अंगावर फोड येऊन कातडी सुटणं, सोबत तोंड किंवा डोळे सोलल्यासारखे होणं.
– डोळा लाल होऊन दुखणं, डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं.

तिथल्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट आणि कालनिर्णयचं पान दाखवा. ही औषधं रोजच्या बघण्यातली नसतात, त्यामुळे पाकिटावरचं नाव पाहून त्यांचंही काम सोपं होतं. घरात जो गोळी आणून देतो, त्याला किंवा तिला वरची यादी वाचून दाखवा. बरेचदा दम पेशंटला लागतो आणि तो आधी लक्षात येतो घरच्यांच्या.